आईवर गेलेलं नाक

पार्लरमध्ये केस धुणाऱ्या ताईंचं काम असं, की गिऱ्हाईक बेसिनवर मान मागे टाकून पडतं आणि डोळे उघडले की थेट ताईंच्या नाकपुड्याच दिसतात. ताईंच्या तर समोरूनही दिसायच्या. कडा वर चढलेल्या, दोन्ही भोकं उघडी. शाळेत पोरं ‘बोगदा’ म्हणायची. फोटो काढताना त्या हनुवटी अशी खाली दाबायच्या, की लग्नाच्या अल्बममध्येही त्या रागावलेल्याच दिसतात.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ठरवलं, ऑपरेशन करून घ्यायचं.

“या वयात?” नवरा म्हणाला. “आता कोण बघतंय तुला?”

“मी बघते. दिवसभर समोर आरसाच असतो.”

नवऱ्याचं निभावलं. आईचं अवघड होतं. नाक तिच्याकडूनच आलेलं. “एवढं नकोसं झालं का माझं नाक?” एवढंच ती म्हणाली आणि बोलणं टाकलं. फोन केला की दोन शब्द न बोलता वहिनीच्या हातात द्यायची.

ताईंना वाईट वाटलं. तारीख मात्र त्यांनी बदलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कोणी काही बोललं का तुम्हाला?”

“लोक बोलले त्याला चाळीस वर्षं झाली. आता मीच म्हणतेय.”

बाईंनी समजावलं, कानाचं मऊ हाड काढून नाकपुडीच्या कडेत बसवायचं, कड जराशी खाली येईल. “पण खालून बघणाऱ्याला भोकं दिसणारच हं.”

“नाक म्हटल्यावर भोकं असणारच. समोरून झाकली की झालं.”

ऑपरेशननंतरचे आठ दिवस नाकी नऊ आणणारे होते. तोंडाने श्वास, ओठ कोरडे, कान ठणकतोय, डोळ्यांखाली निळं-काळं. तिसऱ्या दिवशी आरशात बघून त्या रडल्या. “झाला ना पश्चात्ताप?” नवऱ्याने विचारलं. “दुखतंय म्हणून रडतेय,” त्या म्हणाल्या, “पश्चात्ताप वेगळा.”

टाके निघाल्यावर आई अचानक दारात उभी राहिली. चप्पलही न काढता तिने लेकीची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. उजवी कड छान खाली आली होती. डावी किंचित वर राहिली होती.

“डावी अजून माझीच आहे,” आई म्हणाली.

ताईंना हसू फुटलं, टाक्यांच्या जागा ताणल्या, त्या कळवळल्या. आईने घाईघाईने त्यांना खुर्चीत बसवलं. “खूप दुखलं का गं?”

“खूप.”

“मग बोलावायचं नाही का मला?”

“तू फोनवर आली असतीस तर बोलावलं असतं.”

आईने आता कुठे चप्पल काढली. चार दिवस राहिली, घर सांभाळलं.

वर्षाने डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डावी बाजू पुन्हा नीट करता येईल. ताईंनी मान हलवली. “राहू दे. मला हवं होतं तेवढं झालं.”

आई मात्र अजूनही ‘बरं केलंस’ म्हणत नाही. ताईंनीही कधी विचारलेलं नाही.