कुस्तुंतुनियाच्या सभेतला म्हातारा

त्या वर्षी माझी देवीवरची श्रद्धा डळमळली. माझी बायको यमुना मोतीझऱ्याच्या, म्हणजे टायफॉइडच्या, तापाने अंथरुणाला खिळली होती. आमगावहून रेल्वेने आणून तिला गोंदियाच्या मिशन दवाखान्यात ठेवलं होतं. तिच्या उशाशी मी घरची देवीची तसबीर ठेवली होती. त्या तसबिरीकडे बघताना मनात येई, ही कागदावरची देवी खरंच ऐकते का, की मी आपला कागदाशीच बोलतो आहे? असं मनात येणंही पाप वाटे, आणि ते येणं काही थांबत नसे.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक परदेशी पाद्री खाटेवर पडून असायचे. पांढरी लांब दाढी, काळा झगा. ग्रीस देशाचे होते, कलकत्त्याला त्यांच्या लोकांचं देऊळ होतं. मुंबईला निघाले असताना गाडीतच आजारी पडले, म्हणून त्यांना गोंदियाला उतरवलं होतं. त्यांच्याजवळ एक लाकडी फळी होती, तिच्यावर आई आणि बाळ रंगवलेलं. सकाळी उठले की ते ती कपाळाला लावून तिचं चुंबन घेत. मला मोठं नवल वाटलं, कारण मिशनच्या प्रार्थनेच्या खोलीत तर एकही चित्र नव्हतं. न राहवून मी विचारलंच, “तुमच्यातही तसबिरी पुजतात?”

ते हसले. कलकत्त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, “बेटा, इसके लिए तो हमारे यहाँ बादशाह लड़ गया था.”

मग त्यांनी आपल्या गावच्या एका बिशपची, म्हणजे मोठ्या धर्मगुरूची, गोष्ट सांगितली. हजार वर्षांहून जुनी. कुस्तुंतुनियाच्या बादशहाला वाटलं, देवाची चित्रं पुजणं म्हणजे अधर्म. त्याने राज्यातले सगळे बिशप एका सभेला बोलावले. हा बिशप तेव्हा तरुण, नुकताच आपल्या गादीवर बसलेला. सगळ्यांनी मान डोलावली, यानेही सही केली. घरी परतून देवळातल्या भिंतींवरची चित्रं चुन्याने पोतारून टाकली. बायाबापड्या रडल्या. पुढे कितीतरी वर्षं त्याने त्याच पांढऱ्या भिंतींसमोर प्रार्थना केली. तो बादशहा गेला, त्याचा मुलगाही गेला, आणि लहान मुलाच्या नावाने राज्य करणाऱ्या एका विधवा राणीने चित्रं परत आणायला पुन्हा सभा भरवली. म्हातारा झालेला बिशप तिथे उभा राहिला आणि म्हणाला, सगळे म्हणत होते म्हणून मीही म्हणालो, माझ्या मनाला मी विचारलंच नव्हतं. काही साधू ओरडले, याला गादीवरून उतरवा. बराच वाद झाला. शेवटी त्याला त्याच्या जागी बसू दिलं.

“पण मग खरं काय ठरलं?” मी विचारलं. “देव चित्रात असतो की नसतो?”

“माँ की तस्वीर चूमते हो, तो चूमा किसको? कागज को?” असं म्हणून ते कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी देवरीकडून सासरे आले, सोबत सासूबाई आणि गावची चार जाणती माणसं. यमुनेचा चेहरा पाहून सासरे माझ्याकडे वळले.

“जवाई, पोरीले घरी नेऊन राहिलो आमी. देवीले परक्या धर्माच्या घरात आणून ठेवली तुमी, ते कोपली. गावचा भगत पाहून घेईल.”

डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, आता हलवलं तर आतडं फुटेल. मी तसं सांगितलं. पण जाणते एकेक करून सासऱ्यांच्या बाजूने बोलू लागले. बैलगाडी फाटकाशी उभीच होती. वडीलधाऱ्यांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि आताही माझी मान डोलणारच होती. तेवढ्यात तो सभेत उभा राहिलेला म्हातारा डोळ्यांपुढे आला.

“मामाजी, यमुना इथून हलणार नाही,” मी म्हणालो. “देवी कागदात अडकलेली नाही. ती इथंही ऐकेल.”

“काऊन ऐकत नाही तुमी? पोरगी मेली तं?”

“तर ते माझ्या माथी,” एवढंच बोललो.

सासरे रागाने निघून गेले, सासूबाई मात्र लेकीजवळ बसून राहिल्या. ताप काही लगेच उतरला नाही. मधल्या काळात पाद्रीबाबा बरे होऊन नागपूरच्या गाडीने गेले. जाताना त्यांनी यमुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि देवीच्या तसबिरीलाही मान लववली. त्यानंतर मी देवीकडे काहीच मागितलं नाही. नुसता समोर बसायचो.

एका सकाळी यमुना म्हणाली, “भूक लागली जी.” सासूबाईंनी तांदळाची पेज केली, आणि आम्ही दोघं तिच्या प्रत्येक घोटाकडे बघत राहिलो.

निरोप गेला तसे सासरे आले. लेकीला बसलेली पाहून दाराशीच थबकले. मग व्हरांड्यात माझ्याशेजारी टेकले आणि सासूबाईंनी निरोपात कळवलेल्या त्या परदेशी साधूबद्दल विचारू लागले. मी त्यांना त्या म्हाताऱ्या बिशपची सगळी गोष्ट सांगितली.

“मंग त्या म्हाताऱ्याले,” त्यांनी हळूच विचारलं, “पंगतीत घेतलं त्याईनं?”

“घेतलं, मामाजी.”

डोळे पुसून ते लेकीकडे आत गेले. ताप औषधाने उतरला की देवीने उतरवला, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. देवीच्या स्वाधीन होणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, तर आपल्याला कळलं तेवढं बोलून उरलेलं तिच्यावर सोडणं, इतकं मला त्या व्हरांड्यात उमगलं. ज्याने ते उमगवलं त्या बिशपचं नावही मला ठाऊक नाही. तरी देवीला हात जोडताना त्यालाही जोडतो.