बाहुलीच्या हॉलमधला फोटो

बाहुलीचं घर उभं राहिलं आणि आम्हा मायलेकींचं भांडण भिंतींवरून सुरू झालं. घर फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं, चार खोल्यांचं. तिसरीतल्या माझ्या लेकीचं म्हणणं, भिंती उघड्या आहेत, इथे कोणी राहतंय असं वाटतच नाही. म्हणणं खरं होतं. दांडी गावातल्या आमच्या घरात कॅलेंडर, घड्याळ, देव, होडीचा फोटो, लेकीची सर्टिफिकिटं, एवढ्या गर्दीत पाल कशी फिरते याचंच मला नवल वाटतं.

मला हौस दांडगी. पुठ्ठ्याच्या तुकड्याला गेरू लावला, तांदळाच्या पिठात काडी बुडवली आणि काडेपेटीएवढ्या जागेत वारलींचा तारपा नाच काढला. डोळ्यांतून पाणी आलं. लेकीने तो दोन बोटांत धरून पाहिला आणि परत दिला.

"हे नको. हे सरकारी वाटतं."

रागच आला, पण तिचं काय चुकलं? कोळगावच्या जिल्हा कचेऱ्यांपासून तिच्या शाळेच्या कंपाउंडपर्यंत सगळ्या भिंतींवर तेच नाचतायत. बाहुलीने घरी येऊनही तेच का बघावं?

तिला हवं होतं किराणावाल्याचं कॅलेंडर. मग जुन्या डायरीतले बारीक महिने कापले, वर उदबत्तीच्या पुड्यावरचा गणपती चिकटवला, खाली दुकानाचं नाव लिहिलं. दुकानाचं नाव नसेल तर ते कॅलेंडरच नव्हे, यावर आमचं एकमत झालं. नवऱ्याच्या बंद पडलेल्या घड्याळाची तबकडी हॉलमध्ये लागली. फ्रेमा मी नारळाच्या झावळीतल्या हिरांच्या केल्या. मी एडवणची, वाडीत वाढलेली, हीर सोलायला मला कोणी शिकवायला नको. होडीचा फोटो बोईसरला छापून घेतला. "भाभी, इतना छोटा?" असं फोटोवाल्याने दोनदा विचारलं.

आता हॉलची मोठी भिंत राहिली. लेक म्हणाली, घरात आजी पाहिजे. आजीची बाहुली काही आमच्याकडे नव्हती. गेल्या वर्षी रेशनकार्डासाठी सासूबाईंचे पासपोर्ट फोटो काढले होते, त्यातला एक उरला होता. बाहुलीच्या मानाने तो चांगला ऐसपैस. साडीचे लाल-सोनेरी काठ कापून त्याला चौकट केली. लेक वर कागदी हार घालायला निघाली, तेवढा मात्र मी अडवला.

कारण आमच्याकडे एकट्या माणसाचा फोटो भिंतीवर चढला की ते माणूस गेलं असं समजायचं. सासऱ्यांचा तसा आहे. एकदा नणंदेने हौसेने सासूबाईंचा फोटो लावला, तर "मला आत्ताच वर धाडतेस?" म्हणून त्यांनी तिला दिवसभर फैलावर घेतलं होतं. हे सगळं ठाऊक असून मी तो लावू दिला. खोटं कशाला बोलू, मला त्यांची फिरकी घ्यायची होती. बोंबील-जवळा सुकवून बोईसरच्या बाजारात विकणारी ती बाई, तिच्या तोंडापुढे गिऱ्हाईकं टिकत नाहीत. म्हटलं, एकदा आपण मजा बघू.

दुपारी त्या बाजारातून आल्या. लेकीने हाताला धरून घरापुढे बसवलं, "आजी, भिंती बघ." मी पदर तोंडाला लावून दारात उभी. त्या वाकल्या, फोटोच्या चौकटीवरून बोट फिरवलं.

"देव बरा बसवलास गो. देवी हाय ना?" आणि चौकटीला लावलेला हात त्यांनी कपाळाला लावला. "आई, पोरीला सुखी ठेव."

लेक खदखदून हसली. मी तोंडावरचा पदर खाली घेतला. त्यांनी तांदूळ निवडणं का सोडलं, सुईत दोरा शेजारणीकडून का ओवून घेतात, सगळं एका क्षणात कळलं. लेकीला बाहेर पाठवलं आणि त्यांच्याजवळ बसले.

"आई, किती दिवस दिसत नाय तुमाला?"

"दिसतं गो. जरा धुकं हाय."

"किती दिवस?"

"दोन दिवाळ्या झाल्या." मग घाईघाईने म्हणाल्या, "बोंबील हाताला कळतो. पोराला सांगू नको. तो मला घरात बसवील."

सासरे गेल्यावर बाराव्याचं जेवण आटोपताच दुसऱ्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन निघालेली ही बाई. डोळा गेल्याचं तिला भय नव्हतं, बसण्याचं होतं. मला माझीच लाज वाटली. दोन वर्षं रोज ताट वाढत होते, आणि कळलं ते चेष्टा करायला गेले तेव्हा.

"सांगणार," मी म्हटलं, "पण आधी ऑपरेशनची तारीख घेते, मग सांगते."

व्हायचं तेच झालं. नवरा म्हणाला, आता बाजार बस. मी म्हटलं, डोळे दुरुस्त होतायत, पाय काही मोडलेले नाहीत. त्याला ते पटलं नाही. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, मग दुसऱ्याचा. शेवटच्या तपासणीला तो स्वतः घेऊन गेला आणि डॉक्टरांनी बाजाराला हो म्हटलेलं त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं.

त्या दिवशी नवा चष्मा लावून घरी येताच सासूबाई बाहुलीच्या घरापुढे बसल्या. परीक्षाच घेतली माझी. "गणपतीची सोंड कापलीस. घड्याळ बंद हाय. होडी वाकडी लावलीस, बुडंल ती." मग फोटोपाशी आल्या. आता माझी खरडपट्टी होणार म्हणून मी तयारीतच होते.

पण त्या फोटोवर आणखी वाकल्या. "माझ्या आयेचा फोटो तुला कुठं गावला? तिनं तर कधी काढलाच नाय."

"आई, त्या तुमीच हाव."

त्यांनी गालाला हात लावला. उठून मोरीवरच्या आरशापुढे जाऊन उभ्या राहिल्या. "एवढी पिकले मी," त्या म्हणाल्या, "आणि कोण बोललं पण नाय."

त्या परत आल्या, टाचणीवरचा फोटो स्वतःच्या हाताने उतरवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"पेटीत ठेव. लागंल तेव्हा लाव. आता सरक, उद्या बाजार हाय, मला पाटी भरू दे."