अद्याप शुद्ध नाही

माझी शेवंताआत्या आज सकाळी गेली.

जाताना तिच्याजवळ आपलं माणूस एकही नव्हतं. आणि ही सोय मीच करून ठेवली होती.

थांबा. लगेच हात जोडलेले इमोजी टाकू नका. आधी वाचा.

मी सायकॉलॉजीचा मास्तर. कॉलेजात तीस-बत्तीस वर्षं 'कॉन्शसनेस' हा टॉपिक शिकवला. जाणीव, नेणीव, चेतना, सगळं तोंडपाठ. फळ्यावर चौकोन काढायचो, बाण मारायचो.

एकदा आत्या म्हणाली, "येवढं शिकवतूस, तर सुद म्हंजे काय ते सांग की मला."

मी वीस मिनिटं बोललो. तत्त्वज्ञान, मेंदू, समाज, काही सोडलं नाही.

ती म्हणाली, "आसंल बाबा. पर सुद न्हाई त्या मानसाकडं कोन गेलं का न्हाई, ते कुठं हाय ह्यात?"

मी हसलो. लाज वाटते आता.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. महायुद्ध संपत आलेलं. आत्या सोळा वर्षांची, सासर पलूसकडं, नवरा पलटणीत. लग्न झाल्यापासून दोघं सगळा मिळून एक महिनाही एकत्र राहिलेली नव्हती.

एक दिवस पुण्याच्या लष्करी इस्पितळातून कार्ड आलं. कुणातरी शिकलेल्या माणसानं पुस्तकी मराठीत लिहिलेलं.

'आपले चिरंजीव येथे दाखल आहेत. अद्याप शुद्ध नाही. कोणी यावे.'

बस. एवढंच.

दिराला अक्षर लावून लावून वाचता यायचं. त्यानं वाचून दाखवलं.

आता आमच्याकडं बेशुद्ध माणसाला 'सुद न्हाई' म्हणतात. 'शुद्ध' हा शब्द त्या घरात एकाच कामाचा. सोवळ्याच्या.

आणि सासू लय सोवळ्याची! तिनं कपाळावर हातच मारून घेतला. "बाटलं गं माझं पोर! परमुलखात कुनाच्या पंगतीला जेवलं आसंल!"

घरात बैठक बसली. ठरलं काय, तर त्याला येऊ दे, दारातच शुद्ध करून घेऊ. तवर कुनी जायाचं न्हाई.

आत्या चुलीपाशी बसून ऐकत होती. पुढं मला सांगायची, "मला वाटायचं, बाटल्यात तर बाटल्यात. माजंच हाईत न्हवं? मला जाऊ द्या. पर नव्या सुनंनं बोलायचं कसं रं?"

नाहीच बोलली. ते तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

दहाएक दिवसांनी शाळेचे गुरुजी भलत्याच कामाला घरी आले. सासऱ्यानं कार्ड पुढं केलं. "गुरुजी, कशानं बाटला ते लिवलंय का बघा जरा."

गुरुजींनी वाचलं आणि ओरडलेच. "आवं आबा, कसलं बाटणं! पोरगं बेसुद पडलंय! बोलावलंय तुमाला!"

मिळेल त्या गाडीनं सासरा, दीर आणि आत्या निघाली. पोचली तेव्हा खाट रिकामी होती. आदल्या दिवशीच सगळं आटोपलेलं.

शेजारच्या खाटेवर शिराळ्याकडचा एक जवान होता. तो सासऱ्याला म्हणाला, "बाबा, मधी चार दिस चांगला सुदीवर हुता. आमची मानसं येत्याल आज, म्हनायचा. रोज म्हनायचा, आज येत्याल."

हे सांगताना आत्या इथं थांबायची. पदर तोंडाला लावायची. ऐंशी वर्षं झाली तरी इथंच थांबायची.

मग ती माहेरी आली, रहिमतपूरला. धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या पाटीवर अक्षरं गिरवली. अख्ख्या गल्लीची पत्रं तीच वाचायची. एखादा शब्द अडला तर चार घरं विचारून यायची, पण अंदाजे काही सांगायची नाही.

आणि गावात कुणी बेशुद्ध पडलं की ही त्याच्या उशाशी हजर. कानाशी तोंड नेऊन बोलत बसायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा ऊस गेला. लोक म्हणायचे, "म्हातारे, त्येला काय कळतंय व्हय?"

"तुला काय ठावं?" म्हणायची.

सोबतीला कायम हमीदाकाकी. गल्लीतच त्यांचं बांगड्यांचं दुकान. दोघींची जन्माची मैत्री आणि जन्माची भांडणं.

अकरा दिवसांपूर्वी आत्याला स्ट्रोक आला. साताऱ्यात आयसीयू. डॉक्टर म्हणाले, रिस्पॉन्स नाही. मी रोज जायचो, काचेतून बघायचो, परत यायचो.

हमीदाकाकीचा रोज फोन. "मी येती रं. जरा बोलती तिच्यासंगं."

आणि मी, कॉन्शसनेसचा एक्सपर्ट, काय म्हणालो?

"काकी, ती शुद्धीत नाही. येऊन काय उपयोग? उगाच दगदग."

रोज हेच. अकरा दिवस. ती सगळी गोष्ट मला तोंडपाठ होती, तरी एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही. शिकलेला गाढव, दुसरं काय.

आज सकाळी ती गेली तेव्हा मी घरी दाढी करत होतो.

दुपारी आत्याला रहिमतपूरला आणलं. हमीदाकाकी आली. कुणाला न विचारता पुढं झाली, गुडघे धरत खाली बसली, तोंड आत्याच्या कानाशी नेलं आणि बोलायला लागली.

मी म्हणालो, "काकी, ती गेली."

"ठावं हाय मला. तू गप बस."

मग आत्याला म्हणाली, "शेवंते, रागावू नगंस. मी रोज येनार हुती. ह्यो तुझा भाचाच येऊ नगं म्हनला."

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

आत्या, काकी खरं सांगतेय. ती येणार होती. मीच अडवलं तिला.

आपल्याकडं कुणी येत नाही, असं मनात घेऊन जाऊ नकोस गं.

रडत रडत नमस्कार, आत्या.