थोरली, धाकटी आणि मधली

कॉम्प्युटरच्या या तीन भाषांतली थोरली पुस्तकात आहे, धाकटी जगभर सुखात नांदतेय. मधलीचं कुणी नावही घेत नाही.

आणि ताईंची उमेदीची वर्षं गेली ती नेमकी मधलीत! कॉम्प्युटर सेंटरची पहिली ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची होती, पण मशीन एवढंसं, त्यात थोरली मावेचना. मग तिलाच कापूनकुपून मधली बेतली. पुढे तिच्यातूनच धाकटी निघाली, सिस्टिमही धाकटीत उतरवली आणि मधलीच्या टेपा पुसून परत वापरल्या. संपलं.

आता सेंटरच्या जिन्यात इतिहासाचा बोर्ड लागणार होता. रिटायर झालेले साहेब त्याचा कच्चा खर्डा करत बसले होते.

"साहेब, यात मधली कुठाय?"

"अगं, मधली-बिधली काही नव्हती. थोरलीवरून थेट धाकटी. स्वप्नात लिहायचीस की काय?"

ताई घरी आल्या त्या चपलांसकट खुर्चीत बसल्या. मधली नव्हती, तर मग आपण तेव्हा काय माशा मारत होतो?

"जाऊ दे गं," नवरा म्हणाला, "जिन्यात थांबून कोण वाचणारेय?"

"मी वाचणारेय!"

धाकटीत लिहिलेल्या सिस्टिमचा अगदी पहिला कोड तेवढा कॉम्प्युटरवर जपलेला होता. ताईंना वाटलं, घर बदलताना काहीतरी मागे राहतंच. म्हणून एकेक ओळ बघत सुटल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, नवऱ्याने दोनदा चहा गरम केला, तरी उठल्या नाहीत. आणि प्रिंटरच्या भागात सापडलं! आकड्यातून एक कमी करायचा तर मधलीत आधी बरोबरचं चिन्ह, मग वजा. धाकटीत बरोब्बर उलटं. इथे एका ओळीत बरोबरचं चिन्ह आधी होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे ती ओळ धरली.

"टायपिंगची चूक असेल."

"मधलीत हे बरोबर होतं साहेब. धाकटीत आणताना बदलायचं राहिलं. उरलेल्या पानांतून एक वजा करायच्या ऐवजी आकडाच उणे एक झाला. शून्य येईचना, म्हणून प्रिंटर थांबेचना. आठवतंय? कागद पार दाराबाहेर गेला होता! शेवटी तो भागच नव्याने लिहावा लागला."

साहेब हसायला लागले. "आठवतंय ना! केवढं झापलं होतं मी तुला."

"हो. पण प्रिंटरचा भाग तुम्ही लिहिला होतात."

साहेबांचं हसू तिथेच अडकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, ती ओळ परत वाचली.

"हे तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा मलाही कळलं नव्हतं. मलाही माझीच चूक वाटायची."

साहेबांनी बोर्डाचा खर्डा पुढे ओढला. मग पेन उचललं. दोन नावांच्या मध्ये जागाच सोडली नव्हती, तरी अक्षरं बारीक करत, दाटीवाटीने त्यांनी लिहिलं, 'मधली'. खाली ताईंचं नाव लिहायला घेतलं आणि थांबले.

"पूर्ण नाव सांग. इतकी वर्षं नुसतं ताईच म्हणत आलो."