वहिनींचा लॅपटॉप

ही गोष्ट मी घरात कुणाजवळ काढलेली नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या वहिनींना ओळखत नाही.

पारोळ्याजवळ माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. चार गावांत नाव आहे, आणि त्याची मिजासही आहे— नाही कशाला म्हणू? थोरल्या भावाची बायको, म्हणजे वहिनी, काही वर्षांपूर्वी घरी बसून लॅपटॉपवर मुलांना गणित शिकवायच्या. लग्नाआधी शाळेत शिकवत होत्या. इतक्या वर्षांनी पुन्हा कुणीतरी त्यांना 'मॅडम' म्हणत होतं, आणि ते त्यांच्या चालण्यातसुद्धा दिसायचं. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते फारसं रुचत नव्हतं.

आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच रचून ठेवतात. शिकवायला शांत खोली तेवढीच, आणि तिथंच अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस. लॅपटॉप तव्यासारखा तापायला लागला. वहिनी तो पदरात गुंडाळून गॅरेजवर घेऊन आल्या. "भाऊजी, पंख्यात कापूस गेला असेल. ब्रशने सावकाश काढा, घाई नाही."

सावकाश? मी? टायरमध्ये हवा भरायचा पाईप हाताशीच होता. फिल्टर, रेडिएटर— सगळी धूळ मी त्यानेच उडवतो. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, ते रोज सकाळी सोडावं लागतं. त्या दिवशी सोडलं नव्हतं. ते मला ठाऊक होतं— हो, ठाऊक होतं. मागचं झाकण काढून हवेचा झोत मारला. कापसाचे पुंजके उडाले, आणि सोबत पाण्याचा बारीक फवारा आत गेला. पुसलं, वाळूही दिलं नाही, बटण दाबलं. पडदा एकदा उजळला आणि जळका वास आला.

संध्याकाळी सगळ्यांसमोर मी काय सांगितलं? म्हणालो, कापसाने आतून आधीच जळाला होता.

आबा वहिनींकडे बघून म्हणाले, "कापूसमा ठेवानी वस्तू शे का ती?" दुसरा आणायचा विषय निघाला तेव्हा भाऊ म्हणाला, 'हिला वस्तू सांभाळता येत नाही', आणि विषय तिथंच संपला. शिकवणी बंद झाली. आणि वहिनी— त्यांनी माझीच माफी मागितली. तुम्हाला उगीच त्रास दिला, म्हणाल्या. मी 'असू द्या' म्हणालो. मोठेपणाने म्हणालो. त्याची मला आजही शिसारी येते.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? आबांनी दोन शिव्या दिल्या असत्या. बस.

गेल्या महिन्यात पुतणीला कॉलेजसाठी लॅपटॉप आला. तिचे हात पिठाचे होते, म्हणून तिने आईला नुसतं एक बटण दाबायला सांगितलं. वहिनींनी दोन्ही हात मागे घेतले. "नको बाई, माझ्या हातून बिघडेल."

मी समोरच चहा पीत बसलो होतो. कप संपवला आणि गॅरेजवर निघून गेलो.