जनाक्काचा खार

माझी थोरली चुलती जनाक्का सावद्याच्या बाजारात पापडखार घ्यायला आली की दुकानदार सावध होत. ओल्या तळव्यावर ती हळद चोळी, वर चिमूटभर खार टाकी आणि हात सगळ्यांपुढे धरी. हळद कुंकवासारखी लाल झाली, तरच पुडी बांधू देई. जळगावला कॉलेजात गेल्यावर मला कळलं, की अल्कलीनं हळद लाल होते आणि मिठानं पिवळीच राहते. आमच्या घरात हे शिकणारा मी पहिला, असं मला वाटत होतं. पण अक्षरही न येणाऱ्या अक्काला ते कधीचंच ठाऊक होतं.

ही सवय तिला अपमानानं लावली. शेजारच्या एका लग्नासाठी तिनं भिजवलेल्या पिठाचे पापड खारट आणि चिवट निघाले. "जनाचा हात बिघडला," बायका म्हणाल्या. तीन वर्षं तिला कोणी बोलावलं नाही. उरलेल्या खारावर तिनं हळद घालून पाहिली, ती जेमतेम नारिंगी झाली. तो खार विकणाऱ्या हिराशेठनं त्यात मीठ कुटून घातलं होतं. तिनं सांगितलं, तर बायका हसल्या, "आता शेठवर ढकलते!" अक्कानं ती पुडी बरणीत जपून ठेवली.

मग हिराशेठच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तो स्वतः तिच्या दारात आला. "अक्का, पीठ तुम्हीच भिजवा."

तो गेल्यावर ती माझ्या आईला म्हणाली, "माहा हात बिघडला नही, हे गावात त्याले एकट्यालेच ठाऊक व्हतं."

घरच्या कार्यासाठी शेठनं चोख खार पाठवला. अक्कानं तो बाजूला सारला आणि बरणीतला वापरला.

वरपक्षाच्या पंगतीत पापड फुलेनात. शेठ ओरडला, "काय घातलंस गं बाई?"

"तुमचाच खार, शेठ. तीन वर्षांमांगं तुमीच बांधून देला व्हता."

उरलेली चिमूट ओल्या हळदीवर टाकून तिनं तळवा पंगतीपुढून फिरवला. "पाहा, लाल व्हत नही. यात मीठ हाये." वराचा बाप भरल्या ताटावरून उठला. लग्न मोडलं नाही, पण त्या मुलीला सासरी जन्मभर 'मीठवाल्याची' म्हणत राहिले, असं ऐकतो.

अक्काकडे पुन्हा बोलावणी येऊ लागली. ती ताठ मानेनं जाई.

तिच्या शेवटच्या आजारात मी सुट्टीत भेटायला गेलो. विचारू की नको, असं करत शेवटी विचारलंच, "अक्का, त्या पोरीचं काय चुकलं होतं?"

"काहीच नही," ती म्हणाली. "माहं तरी काय चुकलं व्हतं?"

आणि ती भिंतीकडे कुशीवर वळली.