बसलेल्या इंजिनाचं वजन

"अ‍ॅल्युमिनियम लिही आणि सही करून टाक," कंपनीतले माझे सर पुण्याहून फोनवर म्हणाले. मी दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये इंजिनाच्या खोलीत उभी होते. शेजारी मालक, हनीफचाचा.

कापसाचे ते वाईट दिवस. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. विजेचा भरवसा नाही, म्हणून डिझेल इंजिन. चाचांचं जुनं इंजिन निळसर धूर ओकत होतं. आमची कंपनी इंजिनं बनवायची. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, बिडाचा, ओतीव लोखंडाचा, बरा की अ‍ॅल्युमिनियमचा, पर्यावरणाचं नुकसान कशानं कमी, हे तपासणं माझं काम. माझ्या शब्दावर चाचा जुनं इंजिन भंगारात काढणार होते. दाखवायला आणलेलं आमचं नवं, अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन दाराशी उभं होतं. मी जवळच्याच तांड्यातली. तिथली पहिली इंजिनिअर, हे मी आजही छाती काढून सांगते.

"बेटी, नवंच घेतो. कसं चमकते! पुसदचे जिनिंगवाले पाहाले येतीन."

"थांबा ना चाचा जरा."

सरांच्या हिशेबात एक ओळ होती: वजन कमी, म्हणून डिझेल कमी. हिशेब ट्रकचा होता. खनिजापासून नवं अ‍ॅल्युमिनियम काढायला भरमसाट वीज लागते. हलका झालेला ट्रक धावून धावून ती भरून काढतो. हे इंजिन तर काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलेलं.

"सर, हे इंजिन कुठं जात नाही."

"बंद आहे?"

"चालू आहे. जागेवर."

सर म्हणाले, "ब्रोशर छापायला गेलंय."

"ट्रकसाठी छापा. जिनिंगसाठी माझी सही नाही."

फोन कट.

चाचांचं तोंड उतरलं. "मंग हा धूर?"

"सिलिंडर आतून घासलं, म्हणून तेल जळून राह्यलं. आतून तासून बोअर करून घ्या. बीड आहे, पुन्हा तासता येते. पिस्टन अन् रिंगा नव्या टाका."

"पिस्टन बिडाचा?"

"नाही, अ‍ॅल्युमिनियमचा. तो सारखा वरखाली पळते. त्याले हलकंच पाहिजे."

"अव, तू हायेस तरी कोणाच्या पार्टीची?"

"इंजिनाच्या."

चाचा हसले, पण नव्याकडे एकदा पाहिलंच.

बोअर झालं, धूर गेला. पुसदवाले काही आले नाहीत. ब्रोशरवर 'फक्त वाहनांसाठी' असं बारीक अक्षरात आलं. माझं प्रमोशन त्या वर्षी अडलं, पुढच्या वर्षीही.

कोणतं मटेरियल चांगलं, असं लोक अजून विचारतात. मी आधी विचारते, ते बसवणार कुठं?